कारण सापडले असे वाटते तेव्हा

कचेरीत वीस वर्षे कागद हाताळणाऱ्या माणसाला एक खोड जडते. एखाद्या प्रकरणावर एकदा शेरा पडला, की पुढे येणारा प्रत्येक कागद तो त्या शेऱ्याच्या आधाराने वाचू लागतो. आणि नवा कागद जुन्या शेऱ्याशी जुळला नाही, तर कागदच चुकीचा असावा असे त्याला वाटते. ही खोड कचेरीपुरतीच राहिली असती, तर तिच्याविषयी बोलण्याचे मला प्रयोजन नव्हते. परंतु ती आमच्या घरात शिरली, आणि माझ्या थोरल्या वहिनींच्या जिवावरचे संकट थोडक्यात टळले.

माझे बंधू जबलपूरला असतात. वहिनींची अवटू ग्रंथी, म्हणजे ज्या ग्रंथीला आता सगळेजण थायरॉइड म्हणतात ती, मंदावली असल्याचे सहा वर्षांपूर्वीच ठरले होते. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी घ्यायची, एवढाच त्या दुखण्याचा घरात वावर होता. पुढे एका वर्षी त्यांचे वजन उतरू लागले. आठ महिन्यांत ५८ किलोंचे ४९ झाले. सकाळी मळमळे, जेवणावरची वासना उडाली, देवपूजेच्या पाटावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. विचारले, की दादा म्हणत, “अरे, थायरॉइड आहे ना तिला!” वहिनीही तेच म्हणत. आणि दिल्लीला परतताना गाडीत बसून मीही तेच म्हटले, हे मला कबूल केले पाहिजे.

येथे थोडे थांबून या ग्रंथीचे काम पाहिले पाहिजे. गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही लहानशी ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते, आणि शरीराचे सर्व व्यवहार कोणत्या गतीने चालावेत हे बव्हंशी त्या द्रव्यावर ठरते. ते अधिक झाले तर छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो आणि खाऊनपिऊनही माणूस वाळतो. ते कमी पडले तर सुस्ती येते, थंडी सोसत नाही, कोठा जड होतो आणि वजन बहुधा वाढते. तेव्हा मंद ग्रंथीच्या रोग्याचे वजन उतरणे ही त्या रोगाची खूण नव्हे. ती त्या रोगाशी विसंगत अशी गोष्ट आहे. आमच्या घरातील एकाही शहाण्या माणसाला ही विसंगती दिसली नाही.

गोळीची मात्रा जास्त झाल्यानेही वजन उतरते, हे खरे. पण वहिनींच्या रक्ताच्या तपासणीत टी.एस.एच.चा आकडा उलट किंचित चढलेला होता. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटू ग्रंथीला जी आज्ञा पाठवते, तिचा हा आकडा. तो चढला म्हणजे थायरॉक्सिन कमी पडत आहे, असा सरळ अर्थ करून गोळी वाढवण्यात आली, आणि पुढे पुन्हा एकदा वाढवण्यात आली. प्रत्येक वाढीनंतर वहिनी अधिकच खंगत गेल्या.

अखेर साध्या तापाचे निमित्त झाले. ओकाऱ्या थांबेनात, नाडी हाती लागेना, आणि रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथम जे केले ते पाहून दादा चकितच झाले. ज्योतिषाने पाहावा तसा त्यांनी वहिनींचा तळहात पाहिला. हाताच्या रेषा काळवंडल्या होत्या. हिरड्यांवर आणि बोटांच्या पेरांवरही तसाच वर्ण चढला होता. मग त्यांनी विचारले, “यांना खारट फार खावेसे वाटते का?” दादांना एकदम आठवले, की बाई जेवत नव्हत्या, पण लोणच्याचा खार वाटीने पीत होत्या. रक्तात सोडियम फार उतरले होते आणि पोटॅशियम चढले होते. पुढील तपासण्यांनी निदान पक्के केले: वहिनींच्या अधिवृक्क ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या.

या दोन ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. शरीरातील मीठ राखणे, रक्तदाब सांभाळणे, आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी देहाला बळ पुरवणे ही त्यांची कामे. त्यांतील प्रमुख द्रव्य कॉर्टिसोल. ते आटले, की पीयूषिका ग्रंथी अधिकाधिक जोराने आज्ञा पाठवू लागते, आणि त्या आज्ञेच्याच परिणामाने कातडी काळवंडते. आता वाढवलेल्या गोळीने घात का केला, हे ध्यानात येईल. थायरॉक्सिनमुळे शरीरातील कॉर्टिसोल अधिक वेगाने खर्ची पडते. दिव्यात तेल संपत आले असताना वात पुढे सारावी, तसा तो प्रकार झाला. आणि याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की कॉर्टिसोल कमी पडल्यामुळेही टी.एस.एच. थोडा चढू शकतो. ज्या आकड्यावरून गोळी वाढवली, तो आकडाच कदाचित दुसऱ्या रोगाचा निरोप होता!

हा दुसरा रोग प्रथम वर्णिला लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी, १८५५ साली. म्हणून त्याला ॲडिसनचा रोग म्हणतात. त्यांच्या काळी बहुधा क्षयाने या ग्रंथी नष्ट होत, आणि आपल्या देशात क्षय हे कारण आजही विसरून चालत नाही. दुसरे कारण असे, की शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथींना परके समजून त्यांचा नाश करते. मंदावलेल्या अवटू ग्रंथीमागेही पुष्कळदा हेच कारण असते. तसा विकार जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये नोंदवला होता. एकाच माणसात दोन्ही ग्रंथी बिघडल्याचे जर्मनीतील श्मिट यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेच्या एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले, आणि पुढे अधिवृक्क ग्रंथींच्या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९५० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. दोन्ही ग्रंथींची वाट एकाच संशोधकाने चालावी, हा मोठा सूचक योग आहे.

हा जोडरोग किती फसवा असतो याचे उदाहरण साऱ्या जगाला परिचित आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा ॲडिसनचा रोग १९४७ मध्ये, ते इंग्लंडमध्ये आजारी पडले तेव्हा ओळखला गेला. जहाजाने परत नेताना त्यांच्यावर अंत्यसमयीचे धर्मसंस्कारही करण्यात आले. पुढे १९५५ मध्ये त्यांची अवटू ग्रंथीही मंद असल्याचे आढळले. तरुणपणापासून ते कृश होते आणि पोटाच्या तक्रारींनी बेजार असत. पण लोकांना दिसे तो त्यांचा उन्हात रापल्यासारखा वर्ण, आणि तो आरोग्याचा वाटे. आमच्या वहिनींनाही शेजारणी विचारीत, “उन्हात फार हिंडता वाटतं?”

ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना थायरॉइडचा विकार आहे त्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. ॲडिसनचा रोग विरळा आहे. युरोपात तो दर लाखामागे १० ते १४ जणांना आढळतो. वजन उतरण्याची याहून नेहमीची कारणे अनेक आहेत: गोळीची मात्रा अधिक होणे, मधुमेह, क्षय, गहू न सोसणारे आतडे, मनाची खिन्नता, क्वचित कर्करोग. माझे म्हणणे एवढेच, की यांपैकी एकही कारण “थायरॉइड आहे ना” या तीन शब्दांखाली झाकले जाऊ नये. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे ६० किलोंतून ३ किलो गेले, तर डॉक्टरांकडे जावे. जाताना वजनाची तारीखवार नोंद न्यावी. मळमळ, उठताना येणारी भोवळ, मिठाची ओढ, काळवंडलेले तळहात, यांतील काहीही क्षुल्लक समजून वगळू नये. परंतु आपल्या मनाने गोळी बंद करू नये अथवा वाढवूही नये. आणि ओकाऱ्यांसह ग्लानी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वहिनींना त्या रात्री शिरेतून मिठाचे पाणी आणि हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिठले-भाताची मागणी केली. आता त्या दोन्ही ग्रंथींची औषधे घेतात. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवतात, ओकाऱ्या झाल्या तर इंजेक्शन घेतात, आणि हे औषध एक दिवसही चुकवीत नाहीत. पर्समध्ये रोगाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सदैव असते. वजन पुन्हा ५६ वर आले आहे.

परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळे मला काय झालंय ते सांगत होतात. मला काय होतंय, ते मात्र त्या मुलीनंच विचारलं.” मी काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो, आणि जुना शेरा असलेले एक प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतले.