आपले राखणाऱ्या मारक पेशी

राजगुरुनगरहून पाळीसाठी चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगारास दरवाजावर बिल्ला दाखवावा लागतो. पहारेकऱ्याला प्रत्येक परक्याचा चेहरा ठाऊक असण्याची गरज नसते; बिल्ला नाही, एवढे लक्षात येणे पुरेसे असते. मानवी रक्तातील नैसर्गिक मारक पेशींचे कार्य बऱ्याच अंशी याच रीतीने चालते.

या पांढऱ्या पेशींचे वर्णन १९७५ मध्ये स्वीडनमधील रॉल्फ किसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. विषाणुग्रस्त व कर्करोगाच्या पेशींना त्या पूर्वपरिचयावाचून ठार करतात. मग निरोगी पेशी त्यांच्या तावडीतून सुटतात कशा? या प्रश्नाचे उत्तर क्लास कॅरे यांनी १९८१ मधील आपल्या प्रबंधात सुचविले. मारक पेशी परकेपणा शोधीत नसून आपलेपणाची उणीव हेरते, असा त्याचा आशय होता.

शरीरातील केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रथिने असतात. मारक पेशीवरील निरोधक ग्राही या प्रथिनांना जुळले की तिचा हात आवरला जातो. मात्र केवळ प्रथिनांच्या अभावाने ती वार करीत नाही. तांबड्या रक्तपेशींवर ही प्रथिने नाममात्रच असतात, तरीही त्या सुखरूप राहतात. कारण संकटग्रस्त पेशीवर उमटणाऱ्या धोक्याच्या खुणा त्यांच्यावर नसतात. धोक्याची खूण आणि आपलेपणाची खूण यांपैकी ज्या बाजूचे पारडे जड, त्यानुसार निर्णय होतो. शिवाय, ज्या मारक पेशीला स्वतःच्या शरीराची खूण वाचताच येत नाही, ती मंद राहते. ही खबरदारी फार मोलाची आहे.

पुणे-नाशिक मार्गावरील भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. तेथे ज्या एचआयव्ही विषाणूचा अभ्यास चालतो, त्याने हा पहारा चुकविण्याची युक्ती साधली आहे. टी-पेशी नावाचे दुसरे पहारेकरी एचएलए प्रथिनांवर मांडलेले विषाणूचे तुकडे ओळखतात. म्हणून विषाणूचे नेफ हे प्रथिन संसर्ग झालेल्या पेशीवरील एचएलए-ए व बी खाली ओढते. सर्वच खुणा पुसल्या तर मारक पेशी सावध होतील. त्यामुळे नेफ एचएलए-सी ला हात लावीत नाही. अर्थात हा डावही सर्वत्र सारखा नाही. विषाणूच्या अनेक वाणांत व्हीपीयू हे दुसरे प्रथिन एचएलए-सी देखील कमी करते, असे २०१६ मध्ये आढळून आले.