बाटलीवरचा आकडा वाचा

माझा एक वर्गमित्र ग्लासगोत डॉक्टर आहे. परवा सुट्टीत आला तेव्हा त्याने स्कॉच आणली. "पाचच वर्षांची आहे, पण कास्क स्ट्रेंग्थ. आधी पाणी न घालता चव बघ," म्हणाला. एका घोटात माझ्या डोळ्यांत पाणी आले. लेबलवर पाहिले, तर अल्कोहोल ६० टक्के! आपल्याकडच्या व्हिस्कीत ते साधारण ४२.८ टक्के असते.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. स्कॉच म्हणवून घ्यायचे तर ती ओकच्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षे मुरावी लागते. पिंपात भरताना अल्कोहोल बहुधा ६३.५ टक्क्यांच्या आसपास असते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत ते दरवर्षी थोडे थोडे उडते आणि तीव्रता हळूहळू उतरते. म्हणून कोवळी व्हिस्की जास्त जहाल. एरवी बाटलीत भरण्यापूर्वी पाणी घालून ती ४० ते ४६ टक्क्यांवर आणतात. कास्क स्ट्रेंग्थमध्ये ही पायरी गाळलेली असते.

मग तोंडात आग का होते? मिरचीचा तिखटपणा ओळखणारा 'टीआरपीव्ही १' नावाचा रिसेप्टर आपल्या जिभेवर असतो. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णतेची सूचना देतो. अल्कोहोलमुळे हा उंबरठा सुमारे ३४ अंशांवर येतो. म्हणजे तोंडाचे स्वतःचेच तापमान चटका वाटू लागते! या गदारोळात चव हरवते.

चव मुख्यतः नाकाला कळते. म्हणून जाणकार निमुळत्या तोंडाचा ग्लास घेतात, नाक थोडे दूर धरून वास घेतात, छोटा घोट जिभेवर फिरवतात आणि मग पाणी घालतात. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, ही समजूत चुकीची आहे. धुरकट वासाला हातभार लावणारा एक रेणू म्हणजे ग्वायकॉल. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर त्याचा अभ्यास केला. अल्कोहोल ५९ टक्क्यांहून जास्त असेल तर हा रेणू त्यात वेढला जाऊन आत राहतो. ४५ टक्के किंवा कमी असेल तर पृष्ठभागाजवळ येतो, म्हणजेच नाकाच्या जवळ. मीही ३० मिलिलिटरमध्ये १५ मिलिलिटर पाणी घातले. ६० टक्क्यांचे ४० झाले. आग ओसरली आणि कोवळ्या माल्टचा कच्च्या धान्याचा, हिरव्या नाशपातीचा वास आला. मागे पीटचा धूर होता. मला तर आमच्या वॉर्डातले फिनेल आठवले!

खरी फसगत इथेच होते. पाणी घातल्याने तीव्रता घटते, अल्कोहोल घटत नाही. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते; ६० टक्क्यांच्या तेवढ्याच पेगमध्ये सुमारे २८ ग्रॅम. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅमचा निचरा करते. घशाला सौम्य लागले म्हणून यकृताला सवलत मिळत नाही.

सरकारी रुग्णालयात पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक सांगतात, "डॉक्टरसाहेब, रोज दोनच घेतात हो." दोन म्हणजे किती मिलिलिटर आणि किती टक्क्यांची, हे विचारले की घरचे एकमेकांकडे बघतात. पेग मोजण्याचे माप नाही. ग्रॅम मोजायला हवेत. देशी असो की महागडी स्कॉच, यकृताला किंमत कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले आहे. सुरक्षित प्रमाण असे काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

जे पीत नाहीत त्यांनी चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर थेंबही नको.

त्या संध्याकाळी मित्राने दुसरा पेग पुढे केला. मी हिशेब केला: पहिल्या ३० मिलिलिटरमध्येच १४ ग्रॅम होते. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते ढोबळमानाने १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादाही तेवढीच आहे. ग्लास पालथा ठेवला, गाडी त्याच्याच दारात सोडली आणि रिक्षाने घरी आलो.