शंभर मिलिसेकंदांच्या आत

४०० केव्हीच्या १०० किलोमीटर लाइनवर मधोमध वीज कोसळते आणि आर फेजच्या इन्सुलेटरवरून मनोऱ्याकडे आर्क जातो. टोकाच्या उपकेंद्रातल्या रिलेला, म्हणजे दोष ओळखून ब्रेकरला लाइन तोडायला सांगणाऱ्या उपकरणाला, यातले काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात: सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) हजार अँपिअरचा एक अँपिअर करून दिलेला करंट आणि सीव्हीटीने (कपॅसिटिव्ह व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने) ११० व्होल्टवर उतरवलेले व्होल्टेज. एवढ्यावरून दोष आहे का, कोणत्या फेजवर आणि किती लांब, हे त्याने ठरवायचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांनुसार ४०० केव्हीवरचा दोष १०० मिलिसेकंदांत तोडावा लागतो आणि त्यातला बराच वेळ ब्रेकरच घेतो.

आलेले सिग्नल आधी फिल्टरमधून जातात, मग त्यांचे नमुने घेतले जातात. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची. सायकलला ८० नमुने धरले, तर दर पाव मिलिसेकंदाला एक आकडा मिळतो. खरी अडचण इथून पुढे. लाइन इंडक्टिव्ह असल्याने करंट एकदम उडी घेऊ शकत नाही. दोषाच्या करंटमध्ये हळूहळू विरत जाणारा डीसी भाग मिसळतो. तो आणि हार्मोनिक्स वगळून फक्त ५० हर्ट्झचा भाग उचलण्यासाठी फूरिए गणित वापरतात. त्यासाठी पूर्ण सायकलचे नमुने घेतले तर उत्तर भरवशाचे येते, पण सुरुवातीला त्या नमुन्यांत दोषाआधीचे आकडेही असतात. अर्ध्या सायकलचे घेतले तर उत्तर लवकर येते, पण डीसी भाग त्याला अधिक चकवतो. वेग आणि खात्री यांतली ही ओढाताण कोणत्याही रिलेला चुकलेली नाही. १९७० च्या दशकात अरुण फडके आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत एईपी या वीज कंपनीत संगणकावरचा डिस्टन्स रिले, म्हणजे दोषाचे अंतर मोजणारा रिले, घडवत होते, तेव्हा त्या काळच्या मंद प्रोसेसरवर हे गणित वेळेत बसवणे हीच मोठी कसोटी होती.

व्होल्टेजला करंटने भागले की इम्पीडन्स मिळतो. ५०० अँपिअर भार असताना तो सुमारे ४६० ओहम असतो. ४०० केव्ही लाइनचा इम्पीडन्स किलोमीटरला साधारण ०.३ ओहम, म्हणून मधोमधच्या दोषात तो १५ ओहमपर्यंत कोसळतो. दोष जमिनीशी असल्याने जमिनीतून परतणाऱ्या करंटची भरही हिशेबात घालावी लागते. लाइनच्या पहिल्या ८० टक्क्यांत, म्हणजे झोन १ मध्ये, उत्तर पडले की रिले न थांबता ट्रिप देतो. उरलेले २० टक्के सोडावे लागतात, कारण सीटी, सीव्हीटी आणि लाइनची माहिती यांत थोडी चूक असतेच. तो भाग झोन २ सांभाळतो, पण ०.३ ते ०.५ सेकंद थांबून. झोन ३ आणखी लांब पाहतो आणि आणखी थांबतो.

लांब पाहण्यात धोका आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची ग्रिड कोसळली, तेव्हा तिला पश्चिम ग्रिडशी जोडणाऱ्या मार्गावरची बीना-ग्वाल्हेर लाइन झोन ३ वर तुटली होती. लाइनवर दोष नव्हता. भार जास्त, व्होल्टेज कमी, म्हणून भागाकार घसरून झोनमध्ये शिरला होता. रिलेने दिलेल्या सेटिंगप्रमाणेच काम केले. सेटिंग त्या भाराला पुरे पडले नाही. ओळखायची खूण मात्र आकड्यांतच असते: भाराच्या इम्पीडन्सचा कोन शून्य अंशाच्या आसपास असतो, ४०० केव्ही लाइनवरच्या दोषाचा ८५ अंशांच्या जवळ. म्हणून भाराच्या कोनातला पट्टा झोनमधून कापून टाकता येतो आणि डिजिटल रिलेमध्ये हे काम केवळ सेटिंग बदलून होते.