राजाची रास

१६१८ साली मुघल बादशहा जहांगीर याने आपल्या नाण्यांची रीतच बदलली. तोवर नाण्याच्या एका बाजूला बादशहाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं गाव, महिना, वर्ष असा मजकूर असे. जहांगीरने ठरवलं, की महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्यात सूर्य ज्या राशीत असेल तिचं चित्र छापायचं. ही कल्पना आपल्याआधी कुणाला सुचली नव्हती, असं त्याने आत्मचरित्रात अभिमानाने नोंदवून ठेवलं आहे. या मालिकेतलं सिंह राशीचं नाणं चिमटीत मावेल एवढं. पण कोरणाऱ्याने तेवढ्याशा जागेत अख्खा सिंह उभा केला आहे, आणि त्याच्या पाठीवर सूर्यबिंब, चहूकडे किरण फुटलेलं.

सिंह आणि सूर्य ही जोडी जहांगीरच्याही आधीची. तेराव्या शतकात आनातोलियातला सेल्जुक सुलतान दुसरा कैखुस्रो याने चांदीच्या दिरहमांवर ती कोरली होती. पुढे इराणच्या राजसत्तेने तिला राजचिन्ह केलं आणि १९७९ च्या क्रांतीपर्यंत ती इराणच्या झेंड्यावर राहिली. या चिन्हाचा उगम ज्योतिषात आहे: सूर्याची स्वतःची रास एकच, ती म्हणजे सिंह.

सिंह राशीच्या माणसाबद्दल जे काही सांगितलं जातं ते मराठी घरांत बहुतेकांना पाठ असतं. दिलदार, मानी, पुढारपणाची हौस, शब्दाला जागणारा, रागीट, स्तुतीला भुलणारा, दुसऱ्याचा हुकूम न सोसणारा. हे गुणदोष सुटे सुटे वाचले तर विस्कळीत वाटतात. समोर एखादा राजा बसला आहे असं धरून वाचले, की सगळे जागच्या जागी बसतात. सिंहेचं स्वभाववर्णन हे मुळात राजाचं व्यक्तिचित्र आहे. ते कित्येक शतकं, कित्येक देशांत रंगवलं गेलं.

आकाशातला सिंह

बारा राशींपैकी थोड्याच अशा आहेत, की ज्यांच्या ताऱ्यांत नावाचा आकार खरोखर दिसतो. सिंह त्यांतली एक. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठणाऱ्याला ती पूर्वेकडच्या आकाशात चांगली वर आलेली सापडते. आधी दिसतो विळ्याच्या आकाराचा ताऱ्यांचा बाक. ती सिंहाची मान आणि आयाळ. विळ्याच्या मुठीशी ठळक निळसर-पांढरा तारा आहे, तो मघा. मागे ताऱ्यांचा एक त्रिकोण, त्यातले दोन पूर्वा फाल्गुनीचे आणि शेपटीच्या टोकाचा उत्तरा फाल्गुनीचा.

मघेचा तारा आपल्यापासून सुमारे ७९ प्रकाशवर्षं दूर आहे. आपल्या सूर्याला स्वतःभोवती फिरायला पंचवीस-एक दिवस लागतात, मघा हा तारा ती फेरी सुमारे सोळा तासांत पुरी करतो. या वेगापायी तो विषुववृत्ताशी फुगला आहे आणि ध्रुवांशी चपटा झाला आहे. प्राचीन निरीक्षकांना मात्र त्याची जागा महत्त्वाची वाटली. तो जवळजवळ थेट क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्य-चंद्र-ग्रहांच्या वाटेवर, बसला आहे. चंद्र अधूनमधून त्याला झाकतो, ग्रह त्याला खेटून जातात. बॅबिलोनच्या ‘मुल-आपिन’ या तारासूचीत, म्हणजे आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत, सिंहाच्या छातीवरच्या या ताऱ्याला ‘राजा’ म्हटलं आहे. सोळाव्या शतकात कोपर्निकसने त्याला जे नाव रूढ केलं, त्याचाही अर्थ छोटा राजा असाच होतो.

तुर्कस्तानात नेमरुत पर्वतावर, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, कोमाजीनी राज्याचा राजा पहिला अँटिओकस याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात आपलं स्मारक उभारलं. तिथे एका शिलापटावर चालता सिंह कोरलेला आहे. त्याच्या अंगभर आणि भोवती मिळून १९ तारे आहेत, गळ्याखाली चंद्रकोर, आणि पाठीच्या वर तीन मोठे तारे. हे तीन म्हणजे गुरू, बुध आणि मंगळ, असं सोबतचा ग्रीक लेख सांगतो. चंद्रकोरीच्या कुशीतला तारा म्हणजे मघा. ग्रह सिंहेत जमले तो दिवस राजाने दगडात कायम केला. तो दिवस नेमका कोणता, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. राजाने स्वतःच्या गौरवासाठी सिंह रास निवडली, एवढं मात्र दगडच सांगतो.

उन्हाळ्याचा धनी

सूर्याला सिंहच का दिली? दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीने याचं कारण हवामानात शोधलं. कर्क आणि सिंह या राशींत सूर्य असतो तेव्हा भूमध्य समुद्राच्या भागात ऊन सर्वांत कडक असतं. म्हणून त्या दोन राशी दोन तेजस्वी गोलांना: कर्क चंद्राला, सिंह सूर्याला. इजिप्तमध्ये याच सुमारास नाईलला पूर येई. देवळांच्या दारांवर इजिप्शियन लोक जबडा पसरलेली सिंहमुखं बसवतात, कारण सूर्य सिंहेत आला की नाईल भरते, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे.

रास भारतात आली तेव्हा तिचं चित्र तेच राहिलं, ऋतू मात्र बदलला. आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, गणिताने सूर्य सिंहेत येतो १७ ऑगस्टच्या आसपास आणि १६ सप्टेंबरपर्यंत राहतो. हा श्रावण-भाद्रपदाचा काळ. कोकणात भात पोटरीला आलेलं असतं आणि घराघरांत गणपती-गौरींची तयारी चाललेली असते. शेतकऱ्याच्या तोंडी याच दिवसांची नावं मघा, पूर्वा, उत्तरा अशी पावसाच्या नक्षत्रांची असतात. केरळात सूर्याचा सिंहप्रवेश म्हणजे चिंगम महिन्याचा पहिला दिवस, मल्याळी वर्षाचा आरंभ. ओणम याच महिन्यात येतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू दिवाळीत दिसते. सूर्य मेषेत उच्चीचा आणि तुळेत नीचीचा मानतात. दिवाळीची अमावास्या येते तेव्हा सूर्य तुळेत असतो, म्हणजे ज्योतिषाच्या भाषेत सिंहेचा धनी सर्वांत दुबळा असतो.

वराहमिहिराने काढलेलं चित्र

सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात वराहमिहिराने ‘बृहज्जातक’ लिहिलं. त्यात ग्रहांचा दरबार मांडला आहे. सूर्य आणि चंद्र राजे, मंगळ सेनापती, बुध राजपुत्र, गुरू आणि शुक्र मंत्री, शनी सेवक. राशींची वाटणीही याच क्रमाने लागते. कर्क आणि सिंह मध्ये धरल्या, की त्यांच्या दोन्ही बाजूंना बुधाच्या मिथुन-कन्या, मग शुक्राच्या वृषभ-तूळ, मंगळाच्या मेष-वृश्चिक, गुरूच्या मीन-धनू आणि सर्वांत शेवटी शनीच्या कुंभ-मकर. सिंहेच्या बरोबर समोर, सातव्या स्थानी, कुंभ येते. राजासमोर सेवक. पुराणांत शनी हा सूर्याचा आणि छायेचा मुलगा, आणि बापलेकांचं वैर. ज्योतिषी सिंह आणि कुंभेचं नातं सांगताना एकाला सत्ता आणि दुसऱ्याला रयत देतात, त्याचं मूळ या मांडणीत आहे.

चंद्र सिंहेत असताना जन्मलेल्या माणसाचं वराहमिहिराने केलेलं वर्णन आजच्या गुळगुळीत राशिभविष्यापेक्षा कितीतरी रोखठोक आहे. हा माणूस तिखट स्वभावाचा, मोठ्या हनुवटीचा, रुंद चेहऱ्याचा, पिंगट डोळ्यांचा. त्याला मांस, रानं आणि डोंगर प्रिय. क्षुल्लक कारणावरून रागावणार आणि तो राग लवकर उतरणार नाही. स्त्रियांशी त्याचं पटत नाही, संतती थोडी, पण आईच्या शब्दाबाहेर तो जात नाही. भूक, तहान, पोट, दात आणि मनाच्या व्यथा त्याला छळतात. आणि यासोबतच तो दाता आहे, पराक्रमी आहे, स्थिरबुद्धीचा आणि अतिशय मानी आहे.

यात दोन चित्रं एकमेकांवर ठेवलेली दिसतात. डोळे, हनुवटी, मांस, रान आणि डोंगर हे प्राण्याकडून आलं. दातृत्व, पराक्रम आणि मान राजाकडून. पोटाच्या तक्रारीलाही कारण आहे. कालपुरुषाच्या शरीरावर राशी बसवताना वराहमिहिराने हृदय कर्केला आणि पोट सिंहेला दिलं. पाश्चात्त्य परंपरेत मात्र हृदय सिंहेचं. म्हणून इंग्रजी पुस्तकांवरून लिहिणारे सिंहेच्या माणसाला हृदय जपायला सांगतात, आणि जुन्या वळणाचे ज्योतिषी पोट सांभाळायला.

बाकीची लक्षणंही राजाच्या बाजूने झुकतात. सिंह विषम, पुरुष, स्थिर आणि अग्नितत्त्वाची रास. वर्ण क्षत्रिय, दिशा पूर्व, बळ दिवसाचं. तिच्या स्वामीचं रत्न माणिक, धातू तांबं आणि धान्य गहू.

एक रास, तीन नक्षत्रं

सिंहेत मघा आणि पूर्वा फाल्गुनी ही दोन नक्षत्रं पूर्ण, आणि उत्तरा फाल्गुनीचं पहिलं चरण येतं. बारशाला नावाचं अक्षर काढताना मा-मी-मू-मे मघेचं, मो-टा-टी-टू पूर्वेचं आणि टे उत्तरेच्या पहिल्या चरणाचं. तिन्हींचे स्वभाव वेगळे सांगितले आहेत आणि तिथेही दरबार हटत नाही.

मघेची देवता पितर. तिच्यावर जन्मलेला धनवान, नोकरचाकर बाळगणारा, देव-पितरांना मानणारा आणि मोठी कामं हाती घेणारा. म्हणजे घराण्याची गादी चालवणारा. पूर्वेची देवता भग, सौभाग्य वाटणारा. तिचा माणूस गोड बोलणारा, देता, देखणा, भटक्या आणि राजसेवेत रमणारा. उत्तरेची देवता अर्यमा. तिचा माणूस लोकांना आवडणारा, विद्येवर पैसा मिळवणारा, सुखी. वारस, दरबारी आणि पंडित असे तिघे एकाच राशीत बसले आहेत. दोन सिंहेच्या माणसांचे स्वभाव जुळत नाहीत तेव्हा जाणते ज्योतिषी आधी नक्षत्र विचारतात, ते यासाठी.

नक्की कोणाची रास सिंह?

इथे घोटाळा फार होतो. इंग्रजी वर्तमानपत्रात २३ जुलै ते २२ ऑगस्ट या काळात जन्मलेले सगळे सिंहेचे. ती सायन, म्हणजे संपातबिंदूपासून मोजलेली, सूर्यरास. मराठी माणूस ‘माझी रास’ म्हणतो तेव्हा त्याला जन्मवेळची निरयन चंद्ररास म्हणायची असते. सायन आणि निरयन मोजणीत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे, कारण पृथ्वीचा आस संथपणे डोलतो आणि संपातबिंदू मागे सरकत राहतो.

उदाहरण लोकमान्य टिळकांचं. जन्म २३ जुलै १८५६, म्हणजे इंग्रजी सदरांप्रमाणे सिंहेचा पहिलाच दिवस. त्यांच्या वृत्तपत्राचं नाव ‘केसरी’ आणि स्वभाव करारी, त्यामुळे ही रास त्यांना शोभते असं कुणालाही वाटेल. पंचांगाप्रमाणे मात्र त्या दिवशी सूर्य कर्केत होता. तिथी आषाढ वद्य षष्ठी, त्यामुळे चंद्र मीनेत. ज्या टिळकांनी ‘ओरायन’ या ग्रंथात संपातचलनावरून वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला, त्यांच्याच जन्मतारखेत हा फरक इतका स्वच्छ दिसतो.

मग माणसाचा स्वभाव राशीवरून कळतो का? १९४८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. तो ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने हुशार आणि मतिमंद मुलांच्या २०० कुंडल्या जमवून ज्योतिषांपुढे ठेवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि अचूक उत्तरांची सरासरी निम्म्याला पोहोचली नाही. स्वभाव ओळखायचं साधन म्हणून रास कसोटीला उतरत नाही, हे मान्यच करावं लागतं. माणसांनी राजाकडून काय अपेक्षा केल्या आणि त्याच्यात कशाची धास्ती घेतली, याचा दस्तऐवज म्हणून मात्र ती मोलाची आहे.

गुरू सिंहेत येतो तेव्हा

महाराष्ट्रात सिंह रास एकट्यादुकट्याच्या पत्रिकेत मावत नाही. गुरूची सूर्याभोवतीची फेरी जवळपास बारा वर्षांची. तो सिंहेत आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर आणि शैवांचं त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर, ही विभागणी पेशवाईतल्या तंट्यांनंतर झाली. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत असताना उज्जैनला क्षिप्रेकाठी मेळा भरतो, त्यालाही सिंहस्थच म्हणतात. नाशिकची गोदावरी खाली राजमहेंद्रीला पोहोचते तिथे गुरूच्या सिंहप्रवेशाला पुष्कर हे बारा दिवसांचं स्नानपर्व असतं. २०१५ च्या जुलैमध्ये नाशिकचं ध्वजारोहण आणि तिथल्या पुष्कराचा आरंभ एकाच दिवशी झाला. गुरू पुढे कन्येत गेला की पर्वकाळ कृष्णेकडे सरकतो आणि नरसोबाच्या वाडीला, वाईला कन्यागत सुरू होतं.

सिंहस्थात लग्न-मुंजी टाळायची रीत अनेक घरांत आहे. पण १६०० मध्ये काशीत राम दैवज्ञाने लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त हा निषेध बराच आवळलेला दिसतो: गुरू सिंहेच्याही सिंह नवमांशात, म्हणजे राशीच्या नऊ भागांतल्या एकाच भागात, असेल तेव्हाच दोष, तोही गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण काठापर्यंतच्या प्रदेशात, आणि सूर्य मेषेत असेल तर तिथेही नाही. संपूर्ण वर्ष लग्नं अडवून धरणं शास्त्रकारालाही मंजूर नव्हतं.

पुढचा सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होईल. गुरू मध्ये वक्री होऊन काही महिने कर्केत परतत असल्यामुळे मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ठेवली आहेत. त्यांतलं ३१ ऑगस्टचं स्नान श्रावण अमावास्येचं. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि गुरू हे तिघंही सिंहेत असतील, आणि गुरू सूर्याच्या इतका निकट, की पंचांगात तो अस्तंगत दाखवलेला असेल.