हरित माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसायाची कामगिरी : एक विवेचन

प्रस्तावना : भोर तालुक्यातील भाटघर येथे वेळवंडी नदीवर १९२० च्या दशकात बांधलेल्या धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. शेतीसाठी सोडलेले पाणी तेथे वीज निर्माण करून नीरा कालव्यांकडे जाते. एकाच साधनातून अधिक काम घेण्याचे हे तत्त्व संगणकांनाही लागू पडते. पर्यावरणपूरक, म्हणजेच हरित माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसायाच्या कामगिरीवर कसा परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिणामाचे मार्ग : पहिला मार्ग खर्चाचा आहे. सर्व्हरवर काम अल्प असले तरी तो बरीच वीज घेतो. आभासीकरणाने अनेक सर्व्हरचे काम मोजक्या यंत्रांवर आणल्यास वीज, वातानुकूलन व जागा यांची बचत होते. दुसरा मार्ग बाजारपेठेचा आहे. मोठे ग्राहक पुरवठादाराकडे उत्सर्जनाची माहिती मागतात. सेबीनेही बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल अनिवार्य केला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २००८ च्या तुलनेत दरडोई वीजवापर निम्म्याहून अधिक घटविला आणि २०२० मध्ये कार्बन तटस्थता जाहीर केली.

मापनाचा प्रश्न : डेटा सेंटरची एकूण वीज भागिले संगणकीय उपकरणांची वीज, हे गुणोत्तर सर्वत्र वापरले जाते. मात्र ते फसवे ठरू शकते. समजा, उपकरणांना १ लाख व वातानुकूलनादी बाबींना १ लाख युनिट लागतात. गुणोत्तर २ येते. आभासीकरणानंतर हे आकडे अनुक्रमे ६० हजार व ७५ हजार झाले, तर ६५ हजार युनिट वाचतात. तरीही गुणोत्तर २.२५ होऊन कामगिरी खालावल्याचे भासते. तसेच, नफ्यातील कंपन्यांनाच हरित गुंतवणूक परवडते. म्हणून नफा हा हरित धोरणाचाच परिणाम, असे सरसकट म्हणता येत नाही. वीज वाचविण्यासाठी सुस्थितीतील संगणक अकाली बदलल्यास ई-कचराही वाढतो.

निष्कर्ष : हरित तंत्रज्ञानाचा लाभ प्रमाणपत्रावरून नव्हे, तर प्रत्येक व्यवहारामागे लागणाऱ्या विजेवरून ठरवावा. त्यासाठी गुंतवणुकीपूर्वीची व नंतरची नोंद आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेस स्वतंत्र वीजमीटर बसवून वाणिज्य व संगणकशास्त्र विभागांना हा अभ्यास संयुक्तपणे करता येईल.