स्ट्रासबुर्गचे ठराव आणि चेचन्याचे अर्जदार

युरोप परिषदेच्या संसदीय सभेने ६ एप्रिल २००० रोजी स्ट्रासबुर्ग येथे रशियन प्रतिनिधिमंडळाचा मताधिकार स्थगित केला. चेचन्यातील दुसऱ्या युद्धात नागरिकांची जी ससेहोलपट चालली होती, तिचा हा निषेध होता. रशियन प्रतिनिधी सभात्याग करून निघून गेले. वरकरणी पाहता संसदीय मुत्सद्देगिरीचा हा मोठाच विजय होता. प्रत्यक्षात काय घडले?

युरोप परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे. १९४९ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या सभेत सदस्य देशांच्या संसदांतील सभासदच बसतात. निर्णयाचा अधिकार मात्र परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीकडे असतो. रशियाला १९९६ च्या फेब्रुवारीत प्रवेश मिळाला, तोही पहिले चेचेन युद्ध चालू असताना. बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेतल्यास रशियाला वळण लागेल, हा युक्तिवाद त्या वेळी प्रभावी ठरला. तो सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण १९९८ मध्ये रशियाने मानवी हक्कांच्या करारास मान्यता दिली आणि त्यायोगे चेचेन नागरिकालाही स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाचे दार उघडले.

फुटीरतावाद्यांचे हात स्वच्छ होते असे नव्हे. अपहरणे, ओलीसनाट्ये आणि १९९९ मधील दागेस्तानवरील स्वारी त्यांच्या खात्यावर जमा आहेत. परंतु आपली कारवाई दहशतवादविरोधी आहे असे सांगणाऱ्या मॉस्कोने चेचन्यात ना आणीबाणी पुकारली, ना लष्करी कायदा. म्हणजे कागदोपत्री तेथे शांतताकाळच होता! अशा ‘शांतताकाळात’ ४ फेब्रुवारी २००० रोजी निर्वासितांनी भरलेल्या कातिर-युर्त गावावर विमानांतून अवजड बाँब टाकण्यात आले.

एप्रिलच्या त्या बैठकीत सभेने आणखी दोन गोष्टी सुचविल्या होत्या. मंत्रिसमितीने रशियाचे सदस्यत्व स्थगित करण्याची कार्यवाही सुरू करावी, ही पहिली. सदस्य राष्ट्रांनी रशियाविरुद्ध मानवी हक्क न्यायालयात तक्रार गुदरावी, ही दुसरी. मंत्रिसमितीने काही केले नाही, आणि चेचन्याबद्दल एकाही सरकारने तक्रार केली नाही. ग्रीसमधील लष्करी राजवटीविरुद्ध १९६७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व नेदरलँड्स या देशांनी हेच शस्त्र उपसले होते, आणि १९६९ मध्ये ग्रीसला परिषद सोडावी लागली होती. पण ग्रीस म्हणजे रशिया नव्हे.

येथेच संसदीय मुत्सद्देगिरीची खरी गोम आहे. स्ट्रासबुर्गला हात वर करणारा सभासद आपल्या राजधानीत परतला की आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला जाब विचारू शकतो, सरकारला पेचात आणू शकतो. परदेशात ठराव संमत करण्यास काही मोल पडत नाही, स्वपक्षाच्या मंत्र्याला अडचणीत आणण्यास ते पडते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर पुण्य सभेच्या पदरी आणि खर्च सरकारच्या माथी, अशी ही विभागणी होती. खर्च करण्यास कोणी पुढे आले नाही. जानेवारी २००१ मध्ये रशियाचा मताधिकार परत मिळाला. सभेचे प्रतिवेदक लॉर्ड जड यांनी चेचन्याच्या वाऱ्या केल्या, रशियन दूमाबरोबरच्या संयुक्त गटात चिकाटीने काम केले. मार्च २००३ चे सार्वमत पुढे ढकलावे ही त्यांची विनंती अव्हेरली गेली, तेव्हा त्यांनी पद सोडले.

सरकारांनी जे टाळले, ते अखेर जिवाचा धोका पत्करून सहा चेचेन अर्जदारांनी केले. २४ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कातिर-युर्तसह त्यांच्या प्रकरणांत रशियाला दोषी ठरविले. पुढे अशा निकालांची संख्या दोनशेच्या वर गेली. रशियाने नुकसानभरपाईच्या रकमा बहुतांशी चुकत्या केल्या. गुन्हेगारांना शासन मात्र क्वचितच झाले.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला परिषदेतून काढण्यात आले. बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणांचा तपास न होणे हा व्यवस्थेचाच दोष आहे, असे न्यायालयाने २०१२ मध्येच नमूद केले होते. त्या निकालांची अंमलबजावणी करण्याचे बंधन रशियावर आजही कायम आहे, आणि त्यांच्या संचिका मंत्रिसमितीपुढे अद्याप उघड्याच आहेत.