बॅट, जवसाचे तेल आणि बहरीनची हवा

शुक्रवारची मॅच संपल्यावर तुमची बॅट कुठे जाते? बहुतेकांची गाडीच्या डिकीत, थेट पुढच्या शुक्रवारपर्यंत. बहरीनमध्ये चेंडूइतकाच बॅटचा शत्रू म्हणजे ही डिकी.

बॅटचे पाते विलोच्या लाकडाचे असते, मग ते इंग्लिश असो वा काश्मिरी. नीट वाळवलेल्या पात्यातही साधारण १० ते १२ टक्के पाणी उरलेले असते. त्यामुळेच तंतू लवचिक राहतात आणि फटका सोसतात. लाकूड हे पाणी आजूबाजूच्या हवेशी सतत देत-घेत असते.

आता गणित करू. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. हीच हवा बंद डिकीत ६० अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहते, पण हवेची बाष्प सामावण्याची क्षमता साडेतीनपट होते. सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर घसरते. अशा हवेत लाकूड बराच काळ राहिले, तर त्यातले पाणी तीन टक्क्यांच्या आसपास येऊ शकते. त्यात पृष्ठभाग आधी सुकून आकसतो, गाभा मात्र ओलाच असतो. या ताणातून चिरा पडतात.

पात्याचे खालचे टोक सर्वांत नाजूक. तिथे लाकडाच्या नळ्या आडव्या कापलेल्या असतात, त्यामुळे पाणी तिथून कितीतरी पट वेगाने आत-बाहेर करते. दव पडलेल्या मैदानावर बॅट टोकावर उभी ठेवू नका.

इथे उपयोगी पडते जवसाचे तेल. हो, विदर्भात ज्याची चटणी करतात तेच जवस! हे तेल खऱ्या अर्थाने ‘सुकत’ नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ थर तयार होतो. हा थर पाण्याची ये-जा मंदावतो, थांबवत नाही. म्हणून कच्च्या तेलाचे दोन पातळ हात पुरेत. प्रत्येक हातानंतर बॅट रात्रभर आडवी ठेवा. मूठ, पात्यातला तिचा सांधा आणि स्टिकर यांना तेल लावू नका. जास्त तेलाने बॅट जड होते आणि लाकूड मऊ पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेलाचे फडके. ऑक्सिजनशी होणाऱ्या या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते. बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडके आपोआप पेटू शकते. १९९१ साली फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीची आग अशाच तेलकट चिंध्यांमधून सुरू झाली. तिच्यात अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. उन्हाळ्यात बाल्कनीतल्या कचरापेटीत असा बोळा टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. फडके पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नवी बॅट लेदरच्या चेंडूसाठी असेल, तर लाकडी हातोडीने हलके ठोकत सुरुवात करा आणि जोर हळूहळू वाढवा. पृष्ठभागाचे तंतू दाबले जाऊन घट्ट होतात. कडांवर मात्र सरळ घाव न घालता तिरकस ठोका.

जुलै-ऑगस्टमध्ये भारतात सुट्टीला जाताना एसी बंद होतो आणि घरात दमट हवा साचते. तेव्हा बॅट ओलसर प्लॅस्टिक कव्हरमध्ये बंद करू नका, बुरशी येते. कोरडी पुसून, कापडी पिशवीत, घरातल्या आतल्या भिंतीपाशी ठेवा. आणि निघण्यापूर्वी एकदा डिकी उघडून बघा.